विचारा की! – पाकिटातले पोहे आणि पेनड्राइव्ह

विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि रामबागेतल्या माझ्या ओट्यावर लॅपटॉपांची रांग लागली. आमच्या इंदुरात विंडोज कुणी 'इन्स्टॉल' करत नाही, 'डलवतात'. "भिया, नई विंडो डाल दो" हे वाक्य सिल्व्हर मॉलमध्ये माझं दुकान होतं तेव्हा दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं. दुकान बंद केलं, तर ते वाक्य पत्ता शोधत घरी आलं. या वेळची बहुतेक पत्रंही त्याच दुखण्याची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतो. फोटो गायब झालेल्या मंडळींनी महिनाभर धीर धरावा आणि तोवर त्या मेमरी कार्डावर नवीन काही साठवू नये.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, लोकमान्यनगर): माझा लॅपटॉप २०१६ सालचा. विंडोज ११ याच्यावर चालणार नाही असं तो स्वतःच सांगतो. दुकानदार म्हणाला, भंगारात द्या. पुण्याचा भाचा म्हणाला, "मावशी, लिनक्स मिंट टाक. बूटेबल पेनड्राइव्ह कर, दोन मिनिटांचं काम आहे." मी मिंटची फाइल उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर कॉपी केली, तो लावून लॅपटॉप चालू केला. विंडोजच आलं. तीनदा केलं, तीनदा तेच. माझं काय चुकलं? आणि या भानगडीत नातवाचे फोटो जाणार नाहीत ना?

उत्तर: बाई, आधी फोटोंचं. ते आजच एखाद्या बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा, आणि ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकाला लावून चार-दोन फोटो उघडून बघा. नुसतं 'कॉपी झालं' यावर विश्वास ठेवू नका. फोटो नीट उघडले की मग पुढचं वाचा.

आता चूक. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट यंत्रणा, आणि बूटेबल पेनड्राइव्ह म्हणजे ज्याच्यावरून लॅपटॉप थेट सुरू होऊ शकतो असा. तुम्ही उतरवलेली फाइल आयएसओ प्रकारची आहे. हे नाव सीडीवर फाइली कशा मांडायच्या याचं जे आयएसओ ९६६० हे मानक आहे, त्यावरून पडलं. म्हणजे ती फाइल हे एक बंद पाकीट आहे. त्याच्या आत एक अख्खी सीडी, तिच्यावरची मांडणी, तिची सुरुवात, सगळं जसंच्या तसं बांधून ठेवलेलं. तुम्ही ते पाकीट पेनड्राइव्हवर ठेवलंत, पण फोडलं नाहीत. पोह्यांचं पाकीट न फोडता कढईत ठेवलं आणि खाली गॅस पेटवला तर काय होईल, ते इंदूरकराला मी वेगळं सांगायची गरज नाही. तीनदा ठेवलं तरी तेच होणार.

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर जे घडतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या खटपटीचा अर्थ लागेल. त्या क्षणी विंडोज झोपलेलंच असतं. आधी जागा होतो तो मदरबोर्डावरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, तुमच्यासारख्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांत तो यूईएफआय असतो. त्याचं काम एवढंच की जोडलेल्या डिस्का तपासायच्या आणि जिच्यावरून सुरुवात करता येईल तिच्याकडे कारभार सोपवायचा.

बायोस बिचारा फार भोळा. तो डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट एका ठरलेल्या खुणेसाठी. खूण नसली की 'इथे काही नाही' म्हणून तो पुढच्या डिस्ककडे जातो. यूईएफआय जरा शिकलेला. तो फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला विभाग शोधतो, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्याच्या आत बूट नावाचं फोल्डर आणि त्यात एका ठराविक नावाची फाइल. तुमच्या पेनड्राइव्हवर यातलं काहीही नव्हतं. तिथे होतं न फोडलेलं, तीनेक जीबीचं एक पाकीट. मग त्याने मुकाट्याने हार्डडिस्क धरली आणि विंडोज उठवलं. लॅपटॉपची काही चूक नाही.

(बूट हा शब्द खरोखर पायातल्या बुटाचाच बरं का. आपल्याच बुटाच्या पट्ट्याला धरून आपल्यालाच वर उचलायचं, अशी इंग्रजीत एक अशक्यप्राय कल्पना आहे. झोपलेला संगणक स्वतःच स्वतःला उठवतो, म्हणून तो शब्द इथे चिकटला.)

तर पाकीट फोडून पेनड्राइव्हवर नीट मांडणारा प्रोग्राम लागतो. विंडोजवर मी रूफस वापरतो. अगदी लहान, फुकट, आणि इन्स्टॉलही करावा लागत नाही. मात्र तो त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. नावात साम्य असलेल्या भलत्याच पानांवर मोठमोठी हिरवी 'डाउनलोड' बटणं असतात, तिथे बोट नेऊ नका. मिंटची फाइलही मिंटच्याच संकेतस्थळावरून घेतलीत असं धरून चालतो. ती पूर्ण उतरली आहे ना, हे मात्र तपासा. दुपारी वीज गेली, नेट तुटलं, की फाइल अर्धवट राहते आणि दिसायला पुरी दिसते. तुमच्याकडे सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवी टिचकी मारून एसएचए-२५६, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा, काढता येतो. ६४ अक्षरांची एक माळ मिळेल. तीच माळ मिंटच्या पानावर दिलेली असते. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. तुम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्यात, तुम्हाला हे जड नाही. माझ्याकडे 'मिंट अर्ध्यावर अडकतं' म्हणून जे येतात, त्यांच्यापैकी निम्म्यांची माळ जुळत नाही.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा असला की पुरे. त्याच्यावर जे काही असेल ते सगळं पुसलं जाणार आहे. रूफस तसं विचारतोही, पण आपण सवयीने 'ओके' दाबतो. म्हणून आधी त्याच्यावरच्या फाइली हलवा, आणि त्या वेळेपुरती बाकी सगळी पेनड्राइव्हं, बाहेरच्या डिस्का लॅपटॉपपासून काढून ठेवा. नातवाच्या फोटोंची डिस्क तर कपाटातच. मग रूफस उघडा, वर पेनड्राइव्हचं नाव दिसतंय का बघा, खाली आयएसओ फाइल निवडा. विभागांची पद्धत विचारेल तिथे तुमच्या २०१६ च्या यंत्राला जीपीटी. (दहा-बारा वर्षांहून जुनं, बायोसवालं यंत्र असेल तर एमबीआर.) स्टार्ट दाबल्यावर तो आणखी एक प्रश्न विचारेल की आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने. तो स्वतः जे सुचवतो तेच राहू द्या. मग चहा ठेवा. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टवर चहा पिऊन होईल, निळ्या पोर्टवर कदाचित उकळायच्या आतच काम संपेल.

इथवर पुण्याचा भाचा बरोबर आहे. दोन नाही, पण वीस मिनिटांचं काम. खरी अडचण यानंतरची आहे आणि ती भाचे लोक सांगायला विसरतात. पेनड्राइव्ह उत्तम झाला तरी लॅपटॉपला 'आज याच्यावरून ऊठ' असं सांगावं लागतं. त्यासाठी चालू होताना एक कळ दाबायची, आणि ती कंपनीगणिक वेगळी. एचपीवर एफ-९, डेल आणि लेनोवोवर एफ-१२, आसुसवर एस्केप. एसरवरही एफ-१२, पण तिथे आधी बायोसमध्ये जाऊन ती सोय चालू करावी लागते, कारण कंपनी ती बंद ठेवून देते. काही लेनोवो लॅपटॉपांच्या कडेला टाचणीने दाबायचं एक इवलंसं भोक असतं, ते याच कामाचं. लोक वर्षानुवर्षं त्याला मायक्रोफोन समजतात.

कळ दाबूनही काही घडत नाही, अशी तक्रार दर आठवड्याला येते. कारण असं की विंडोज १० ला 'शट डाउन' म्हटलं की ते पुरतं बंद होत नाही. पुन्हा लवकर उठता यावं म्हणून डुलकी घेतं. म्हणून शट डाउन न करता 'रीस्टार्ट' करा, पडदा काळा झाला की लगेच ती कळ टक-टक-टक दाबत राहा. धरून ठेवू नका. यादी आली की त्यात पेनड्राइव्हचं नाव निवडा. नावाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं दिसलं तर तेच घ्या.

मिंट उघडेल आणि तुम्हाला वाटेल झालं! पण काहीच झालेलं नाही, आणि हीच यातली मजा आहे. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतंय, तुमच्या हार्डडिस्कला त्याने हातही लावलेला नाही. पेनड्राइव्ह काढून पुन्हा चालू केलंत तर विंडोज जसंच्या तसं. दुकानात फ्लॉपीचा जमाना पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे अजूनही नवल वाटतं. विंडोज ९५ फ्लॉप्यांवर घेतलं तर १३ फ्लॉप्यांची गड्डी असायची, आणि अकरावी खराब निघाली की पुन्हा पहिलीपासून. पुढे उबुंटूच्या सीड्या फुकटात टपालाने घरपोच यायच्या, २०११ मध्ये ती योजना बंद झाली. त्यातली एक माझ्या टेबलावर अजून चहाच्या कपाखाली आहे.

तर घाई न करता दोन दिवस पेनड्राइव्हवरूनच वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, नातवाशी व्हिडिओवर बोलता येतंय का, प्रिंटर ओळखला जातोय का, बँकेचं पान उघडतंय का, हे सगळं बघा. थोडं हळू वाटेल, कारण सगळं पेनड्राइव्हवरून येतंय, त्याचा राग मिंटवर काढू नका. आणि तिथे लिहिलेलं काही जपून राहणार नाही, बंद केलं की पाटी कोरी. वायफाय नाही दिसलं तर घाबरू नका. काही जुन्या वायफाय चिपांना ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या आणि मिंटच्याच ड्रायव्हर मॅनेजरमधून तो घ्या.

पटलं तर मग पडद्यावरच्या 'इन्स्टॉल' चिन्हावर टिचकी. तिथे एक पायरी येते: सगळी डिस्क पुसून मिंट घालू, की विंडोजच्या शेजारी घालू? शेजारी घातलं की दोन्ही राहतात, पण दोन बिऱ्हाडं एका खोलीत, कटकट तुमचीच. फोटो बाहेर सुखरूप असतील आणि विंडोजशिवाय अडत नसेल, तर मी 'पुसून टाक' म्हणेन. फोटोंची खात्री नसेल तर त्या पायरीवर हात आवरा.

लॅपटॉपची रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ असेल तर सिनॅमन. मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, म्हणजे भंगारवाल्याला बराच काळ थांबावं लागेल. आणि आत अजून फिरती हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवून घ्या. या सगळ्या खटाटोपात जास्तीत जास्त फरक त्यानेच पडतो. नवा लॅपटॉप विकण्यात फायदा असलेला माणूस हे आपणहून सांगत नाही. मीही दुकानात असताना दर वेळी सांगायचो असं नाही.

प्रश्न (विद्यार्थी, सुदामानगर): काका, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स लिहिलं. आता विंडोजमध्ये तो काही एमबीचाच दिसतो. खराब झाला का? युट्यूबवर डिस्कपार्ट वापरा सांगतात.

उत्तर: खराब नाही झाला रे. तू तो डीडी पद्धतीने किंवा एचरसारख्या प्रोग्रामने लिहिला असशील. त्यात आयएसओमधली विभागणी जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरते, आणि विंडोजला त्यातला फक्त बूटचा चिमुकला विभाग वाचता येतो. बाकीचे जीबी तिथेच आहेत, दिसत नाहीत एवढंच. रूफस उघड, आयएसओ निवडायच्या जागी 'नॉन बूटेबल' निवड, स्टार्ट दाब. पेनड्राइव्ह पुन्हा ३२ चा.

डिस्कपार्ट या विंडोजमधल्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रामनेही होतं. पण तो नावाने विचारत नाही, डिस्क शून्य, डिस्क एक, डिस्क दोन असे आकडे विचारतो. आणि 'क्लीन' म्हटलं की एकदाही 'नक्की का?' न विचारता साफ करतो. लिनक्समधली डीडी आज्ञा त्याच वळणाची. मी स्वतः तिच्या हातून मार खाल्लाय. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवाचे सहा वर्षांचे फोटो एका बाहेरच्या डिस्कवर होते. पेनड्राइव्ह आणि ती डिस्क एकाच वेळी लावलेली, नावात एका अक्षराचा फरक, आणि रात्रीचे साडेअकरा. एंटर दाबल्यावर पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकेना, डिस्कचा लुकलुकायला लागला. केबल ओढली तोवर सुरुवातीचा भाग गेला होता.

नंतर फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रामने बरेच फोटो परत काढले. पण तो नुसते फोटो शोधून काढतो, नावं आणि फोल्डर नाही. आठ-नऊ हजार फोटो एका ढिगात. मग आमचे कार्यकर्ते ओट्यावर बसले आणि मखरावरून वर्ष ओळखायला लागले. केळीच्या खांबांचं कुठलं, थर्माकोलचा राजवाडा कुठला, ज्या वर्षी मूर्तीचा उंदीर मोडला होता ते कुठलं. दोन संध्याकाळी आणि बराच चिवडा लागला. तेव्हा तू रूफसच वापर.

अजून एक. रूफसनंतरही आकार चुकीचाच दिसला, किंवा हा पेनड्राइव्ह तू कुणाकडून 'दोन टीबी, एकदम सस्ता' म्हणून घेतला असशील, तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या प्रोग्रामने तपास. तो पेनड्राइव्ह काठोकाठ भरून, परत वाचून बघतो. आकडा खोटा छापलेला माल तिथे उघडा पडतो.

प्रश्न (घाऊक व्यापारी, सियागंज): दुकानाचा जुना पीसी. बिलिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे लिनक्स नको. मुलगा म्हणतो, रूफसने विंडोज ११ जुन्या पीसीवरही चढवता येतं. करू का?

उत्तर: चढतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय) आणि किमान ४ जीबी रॅम लागते. रूफसने पेनड्राइव्ह करताना तो विचारतो की या अटी काढून टाकू का. खूण केली की इन्स्टॉल होताना तपासणीच होत नाही. विंडोजच्या आयएसओतली एक फाइल ४ जीबीहून मोठी असते आणि साध्या फॅट-३२ वर ती मावत नाही, ती अडचणही तो आपली आपण सोडवतो.

पण साहेब, माझं मत विचाराल तर दुकानाच्या पीसीवर करू नका. अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावर तुमचा सगळा हिशेब आहे त्याच्यावर असा प्रयोग मी करत नाही. मुलाला घरचा जुना पीसी द्या, तिथे खुशाल करू दे. दुकानासाठी विंडोज १० लाच वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. नाव नोंदवलं की ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मात्र ही सोय घरगुती वापराच्या यंत्रांसाठीची आहे. दुकानाचा पीसी कंपनीच्या सर्व्हरला वगैरे जोडलेला असेल तर त्याला वेगळा मार्ग घ्यावा लागतो. तेवढ्या मुदतीत दुकानासाठी नवं यंत्र बघा. ते आलं की त्याच्या सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून गल्ल्यात ठेवा. ती नसेल तर तुमचाच हिशेब तुम्हालाच उघडता येणार नाही.

प्रश्न (गृहिणी, छत्रीबाग): मिंट टाकून झालं, छान चाललंय. पण सासऱ्यांनी लिहिलेली कीर्तनाची टिपणं उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाइली बिघडल्या का?

उत्तर: फाइली धडधाकट आहेत, ताई. ती टिपणं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. आपल्या मध्य प्रदेशात कचेऱ्या आणि टायपिंगच्या वर्गांमुळे तोच सगळीकडे. त्या फॉन्टात मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले. मिंटमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटे उतरले. जुन्या विंडोजमधून कृतिदेवची फाइल आणून तिच्यावर दोनदा टिचकी मारा आणि इन्स्टॉल म्हणा, टिपणं लगेच मराठीत दिसतील.

नवीन लिहायचं असेल तर मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्टही आहे आणि उच्चारावरून टाइप करायचं कगपही आहे. आणि सवडीने ती जुनी टिपणं युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे मोबाइलवरही वाचता येतील. असे बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण बरेचसे हिंदीवाल्यांनी हिंदीसाठी केलेले. त्यांना 'ऱ्य' पेलत नाही, त्याचं भलतंच काही करून ठेवतात. बदलल्यावर प्रत्येक पान नजरेखालून घाला. कीर्तनाच्या टिपणांत 'वारकऱ्यांचा' किती वेळा येतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.